साबेराभाभीचा मेंढा

बसरहट्टीत साबेराभाभीला कुणी गोड बाई म्हणत नसे, आणि तिला त्याची फिकीरही नव्हती. जतच्या पूर्वेला कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेलं हे गाव. माणसं भांडायची कानडीत आणि समेट करायची मराठीत. या गावात तिचा सगळा संसार झाला, पण मान द्यावा असं माणूस तिला फारसं भेटलं नाही. बाकीच्यांशी ती डोळे अर्धे मिटून बोलायची, समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडं बघत.

ती मूळची मिरजेची. सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. भोपळा वाजवून बघितल्याशिवाय तिच्या बापानं कधी घेतला नाही, आणि पोरीनंही तीच नजर उचलली. लग्न झालं ते सिकंदरशी. सिकंदर मेंढ्यांचा व्यापारी. बकरी ईदच्या आधी गावोगाव फिरून मेंढे गोळा करायचा आणि ट्रक भरून मुंबईला पाठवायचा. या भागातला माडग्याळ मेंढा मोठा देखणा, उंच मानेचा, पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाचा. त्याला गिऱ्हाईक तुटून पडायचं.

पहिल्याच वर्षी तिनं दारात उभं राहून ट्रक भरताना बघितला. सगळ्यांत उंच, सगळ्यांत रुंद छातीचा मेंढा पहिला वर चढत होता, आणि कळपात मागं राहत होते ते मरतुकडे.

रात्री जेवताना ती सिकंदरला म्हणाली, "चांगला तेवढा कापायला धाडता, आन् हगवणीचा पैदाशीला ठेवता. असंच चाललं तर पुढं तुमी मेंढरं न्हाई, मांजरं विकाल."

सिकंदर हसला. पुढच्या वर्षी ट्रक आला तेव्हा एक तांबड्या ठिपक्यांचा तरणा मेंढा तिनं घरात आणून बांधला आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. व्यापाऱ्याची माणसं बघत होती. चारचौघांत बायकोशी झोंबायची सिकंदरला लाज वाटली. तो पुटपुटत निघून गेला आणि मेंढा राहिला.

त्या मेंढ्यापासून सुरुवात झाली. आसपासच्या वस्त्यांवरचे धनगर आपल्या मेंढ्या तिच्याकडं लावायला आणू लागले. ती पैसा घेत नसे, पण अट घालायची. या मेंढ्याची मादी कोकरं खाटकाला विकायची नाहीत, आणि ती मागेल तेव्हा त्या वाणातलं एक नर कोकरू तिला परत द्यायचं. अट मोडली की त्या माणसाला तिचा दरवाजा कायमचा बंद. असे बंद झालेल्यांत तिचा सख्खा दीरही होता. एक मेंढा म्हातारा झाला की दुसरा आला, मग तिसरा. सिकंदर गेल्यावर तिनं व्यापार बंद केला, मेंढा मात्र ठेवला. आता दावणीला होता त्याचा डावा कान कुत्र्यानं फाडलेला होता, म्हणून सगळे त्याला फाटक्या म्हणायचे.

शिवतेज नावाचा तरुण पहिल्यांदा आला तो गावच्या तात्यासाहेबांबरोबर. तात्यासाहेब म्हणजे गावातल्या झाडून सगळ्या समित्यांचे अध्यक्ष. कामाचं नाव नको, खुर्ची तेवढी हवी, असा माणूस. शिवतेजच्या पायात पांढरे बूट होते आणि लेंडी चुकवत चालण्यातच त्याचं निम्मं लक्ष होतं.

"मावशी, आम्ही साताऱ्याजवळ मोठा फार्म काढलाय," तो म्हणाला. "तुमच्या मेंढ्याचं थोडं रक्त आणि रेत हवंय. संशोधनासाठी. ही जात टिकली पाहिजे ना."

"टिकलीया की," साबेरा म्हणाली. "तू यायच्या आधी चार पिढ्या टिकली. तुजं काय नडलंय?"

"मावशी, जगभर नाव होईल."

"कुनाचं?"

शिवतेजनं तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेब मेंढ्याकडं बघू लागले. साबेरानं उठून वैरणीची पेंढी सोडली आणि दोघांकडं पाठ केली. ती बोलणं संपवायची तिची रीत होती.

पुढच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती मिरजेला भावाकडं जाऊन राहिली. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून परत आली, तेव्हा फाटक्या वैरणीला तोंड लावत नव्हता, आणि घरातल्या भिंतीवर शिवतेजच्या कंपनीच्या नावाचं नवं घड्याळ टिकटिकत होतं. तिचा मुलगा अजीम जतला मोबाईलचं दुकान चालवायचा. त्याच्या डोक्यावर कंपनीची टोपी होती.

"अम्मी, सकाळीच आले आन् गेले," तो म्हणाला. "मेंढा कुठं नेला न्हाई. नुसतं रेत काढलं. मला ह्या भागाची एजन्सी देनार हायेत."

"किती येळा काढलं?"

अजीम टोपी काढून हातात फिरवू लागला. मग म्हणाला, "आठवडाभर येत हुते."

तिनं त्याला शिवी दिली नाही. शिवी द्यायलासुद्धा समोर काहीतरी असावं लागतं, असं तिला त्या वेळी वाटलं. ती गोठ्यात गेली आणि फाटक्याला गुळाचं पाणी पाजत बसली. मिरजेला सतारीचा भोपळा आतून किडका निघाला की तिचा बाप तो न बोलता परड्यात टाकून द्यायचा. पोटचं पोर तसं टाकता येत नाही, हीच अडचण होती.

वर्ष गेलं. एजन्सी अजीमला मिळाली नाही. ती तात्यासाहेबांच्या भाच्याला मिळाली.

मग एक दिवस नाथाजी धनगर आला. त्याच्या बापापासून त्यांच्या मेंढ्या साबेराच्याच मेंढ्याला लागत आलेल्या. तो दाराशी घुटमळत उभा राहिला.

"भाभी, आटपाडीच्या बाजारात तुमच्या फाटक्याचा फोटू लागलाय. लय मोठा. खाली नाव लिवलंय, सम्राट."

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती एसटीनं आटपाडीला गेली. बाजाराच्या तोंडालाच फलक होता, ट्रकाएवढा. त्यावर फाटक्या उभा. डावा कान त्यांनी रंगानं नीट करून घेतला होता, पण नाक तेच, छातीवरचे तांबडे ठिपके तेच. खाली टेबल मांडून तात्यासाहेबांचा भाचा बसला होता आणि शेजारी धुरासारखी वाफ सोडणारा पत्र्याचा डबा होता. त्यातून मेंढ्या फळवायला गोठवलेल्या रेताच्या कांड्या, म्हणजे बारीक नळ्या, विकत होते. कांडी देताना कागदावर सही नाहीतर अंगठा घेत होते. या कांडीपासून झालेल्या नराचं बी दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, फक्त कंपनीला विकायचं, अशी अट त्यात होती.

समोर रांगेत उभे होते ते सगळे तिच्या ओळखीचे. जे फुकट तिच्या दारात मेंढ्या आणत होते, तेच आता टोप्या काढून भाच्यापुढं अंगठे टेकत होते. "शास्त्रीय हाय," एक जण तिला म्हणाला. ती त्याच्याकडं बघत राहिली. फलकावरचा मेंढा फाटक्याच आहे, हे त्याला न कळण्यासारखं नव्हतं. पण डब्यातून वाफ निघाली की या माणसांना देव दिसतो, हे तिला तिथं उभ्या उभ्या समजलं.

परत आल्यावर ती थेट तात्यासाहेबांच्या पडवीत गेली.

"माज्या मेंढ्याचं बी इकायची परवानगी कुनी दिली?"

"आवं, समितीनं दिली," तात्यासाहेब सुपारी कातरत म्हणाले. "गावाची जैवविविधता समिती हाय. तिचा ठराव झाला. गावाचं नाव झालं की भाभी. तुमी कशाला रागावताय? तुमीबी हाईसा की समितीत."

"मी?"

"बायका लागत्यात समितीत. नियम हाय. तुमचं नाव घातलंया दोन वर्सांपासनं."

साबेराला हसू आलं. खूप दिवसांनी आलं. या माणसाला चोरीसुद्धा धड करता येत नव्हती. ज्याच्या घरी चोरी करायची त्यालाच यानं राखणीला नेमलं होतं.

तिनं जतला जाऊन जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर ब्राह्मीला गाठलं. सांगलीकडची ही मुलगी नवीनच लागली होती. पहिल्या भेटीत तिनं मेंढ्याला चुकीच्या बाजूनं धरलं होतं आणि साबेराच्या मनातून उतरली होती. पण सरकारी खुर्चीत बसून खरं बोलणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं.

"समितीचा ठराव पुरेसा नाही," ब्राह्मी म्हणाली. "गावातलं बियाणं असो, झाडपाला असो, नाहीतर जनावराची जात. धंद्यासाठी न्यायची तर कंपनीला आधी राज्याच्या जैवविविधता मंडळाला कळवावं लागतं. मंडळ गावच्या समितीला विचारतं. मग करार होतो आणि फायद्यातला वाटा गावाला येतो. यांनी मंडळाला कळवलंच नसेल. तुम्ही समितीत आहात तर तक्रार तुम्हीच करा. मी लिहून देते, सही तुमची."

"तुजी नोकरी?"

"बदली करतील. नाहीतरी मला इथलं पाणी मानवत नाही."

साबेरानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून मान हलवली.

तक्रार गेली. काही दिवसांनी मंडळाची नोटीस आल्यावर कंपनी एकदम नरम झाली. गावच्या चावडीत बैठक ठरली. शिवतेजबरोबर त्याचा साहेब आला. शाल, नारळ, आणि पितळी अक्षरांत 'मेंढीमाता' असं लिहिलेली एक पाटी घेऊन. तात्यासाहेबांनी स्वतः शाल उचलली.

"ती खाली ठेवा," साबेरा म्हणाली. "मी मेलेली न्हाई."

साहेब हसतमुखानं सांगू लागला. शाळेला दप्तरं देऊ, पाण्याची टाकी देऊ. मग तिच्याकडं झुकून हळू आवाजात म्हणाला, "मेंढा तर तुमचा एकटीचा होता. गावाचा काय संबंध? तुमचं आम्ही वेगळं बघू."

ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "मेंढा माजा. पर त्याची आई ह्या नाथाजीच्या कळपातली, आजी त्यो तितं बसलाय त्या मल्लूच्या. मला एकटीला दिऊन तू ह्यांच्या तोंडाला पानं पुसनार. ह्यांना त्ये कळंना, म्हनून मी सांगते."

नाथाजी आणि बाकीचे धनगर भिंतीला टेकून बसले होते. सगळ्यांचे डोळे त्या पितळी पाटीवर होते. साहेबानं दप्तरांच्या जागी ताडपत्र्या म्हटल्या असत्या तर यांनी तिथंच टाळ्या वाजवल्या असत्या, हे तिला माहीत होतं. त्यांच्यासाठी भांडावं अशी त्यांची लायकी नव्हती. पण मेंढ्या त्यांच्याकडं होत्या, आणि मेंढ्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं.

तिनं मागण्या सांगितल्या. मंडळासमोर करार. फायद्यातला वाटा समितीच्या खात्यात. या गावांतल्या धनगरांना कांडी फुकट, आणि ती अंगठ्याची अट रद्द. फलकावरचा सम्राट पुसून गावाचं नाव. आणि पाळणाऱ्याला विचारल्याशिवाय कुठल्याही जनावराला हात लावायचा नाही.

"हे सगळं एकदम कसं जमेल?" शिवतेज म्हणाला.

"आठवडाभर रोज मेंढा पिळायला जमलं की तुला."

करार व्हायला पुढचा उन्हाळा उजाडला. अंगठ्याची अट गेली, कांड्या फुकट मिळाल्या, वाटाही आला. फलकावर गावाचं नाव आलं, इतकं बारीक की वाचायला शिडी लागावी. ब्राह्मीची बदली साताऱ्याकडं मेढा गावी झाली. आणि कंपनीनं हळूच माडग्याळचा धंदाच आवरता घेतला. कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्यात, जिथं अजून कुणी काही विचारत नव्हतं, तिथं शेळ्यांचं काम काढलं. शिवतेज तिथं दुसऱ्या कुणाला तरी मावशी म्हणत असणार.

आलेल्या वाट्याचं काय करायचं यावर समिती बसली. तात्यासाहेबांनी गावाच्या वेशीवर कमान बांधायचा विषय मांडला. वर मेंढ्याचा पुतळा आणि खाली समिती सदस्यांची नावं.

"कमानीतनं काय मेंढरं पानी पित्यात?" साबेरा म्हणाली. "माळावर हौद बांधा. आन् टँकर आला की पयला हौद भरायचा, मग तुमचं टाकं."

सगळे तात्यासाहेबांकडं बघू लागले. तिनं एकेकाकडं बघितलं. मग तात्यासाहेबांचा हात सावकाश वर गेला, आणि तो वर गेलेला बघून बाकीचे सगळे हात झटकन वर झाले. हौद तेवढ्यावर मंजूर झाला. साबेरा उठली, पदर झटकला आणि त्या वर उचललेल्या हातांकडं न बघताच बाहेर पडली. फाटक्याचं आता वय होत आलं होतं. नाथाजीच्या कळपात एक नर कोकरू चांगलं निघालंय असं तिच्या कानावर आलं होतं, आणि ते कुणी व्यापाऱ्यानं हेरायच्या आत तिला बघायचं होतं.