पळती तबकडी

"महिन्यापूर्वी सांगितलं होतं मी, या घड्याळाची डावी तबकडी पळते म्हणून."

"मग त्याच बाजूला बसलास कशाला?"

"दुसऱ्याला बसवू?"

माझा थोरला भाऊ आणि बुद्धिबळ क्लबाचा सेक्रेटरी यांचं हे भांडण. दादाला जेवायला बोलवायला क्लबात गेले होते, ते दाराबाहेरच उभी राहिले.

दादा घड्याळजी. क्लबाची बाराही घड्याळं त्याच्याच हातची. एका पेटीत दोन तबकड्या, दोन खेळाडूंच्या. ज्याची वेळ संपेल त्याची लाल झेंडी पडते, तो हरला. त्यातलं एक बिघडलं, तर सेक्रेटरी म्हणाला, "स्पर्धा उरकू दे, मग बघू," आणि घड्याळांच्या कपाटाला कुलूप.

अंतिम सामन्याला नेमकं तेच घड्याळ आलं. जिंकणारा मोठ्या स्पर्धेला जाणार होता, आणि दादाला जन्मात दुसरं काही नको होतं. तरी शहाण्यानं पळती तबकडी आपल्याकडे फिरवून घेतली. समोरच्यावर अन्याय नको म्हणे. याचा राग मला सेक्रेटरीवरच्या रागापेक्षाही जास्त आहे.

बरं, खेळला कसा? दुसऱ्याच खेळीला प्यादं देऊन टाकलं, मागोमाग घोडा. त्याची सुरुवातच तशी, आधी द्यायचं आणि मग अंगावर जायचं. लोक म्हणाले, संपला हा. पण समोरच्याचा राजा पटाच्या मधोमध उघडा पडला. पुढच्या खेळीला मात होती. दादानं वजिराला हात घातला आणि झेंडी पडली. त्याच्या खिशातल्या घड्याळात अजून चार मिनिटं होती.

"नियम मी नाही केले," सेक्रेटरी म्हणाला.

"घड्याळ तर तूच ठेवलंस."

त्यानंतर चाळीस वर्षं दादा ना खेळला, ना त्या माणसाशी बोलला. पण दर शनिवारी क्लबात जाऊन घड्याळांना किल्ली द्यायचा.

"त्याच्या दारात पाय टाकवतो तरी कसा रे तुला?" मी चिडायचे.

"घड्याळांनी माझं काय वाकडं केलंय?"

"एकानं केलंय ना."

"म्हणून तर लक्ष ठेवतो, बाई."

शेवटच्या शनिवारी त्याला जिना चढवेना, मी दंड धरून नेलं. टेबलावरची कपाटाची किल्ली त्यानं न विचारता उचलली. बारा घड्याळांना किल्ली दिली. ती डावी तबकडी खिशातल्या घड्याळाशी ताडून पाहत दहा मिनिटं बसला.

"चहा घेणार?" सेक्रेटरीनं विचारलं. तोही आता बोळका झालेला.

दादानं किल्ली टेबलावर आपटली आणि मला म्हणाला, "चल."