परत मागितलेली गोळी

प्रत्येकाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो, जेव्हा त्याला साऱ्या समाजाविरुद्ध एकट्यानं ताठ उभं राहावं लागतं. माझ्या आयुष्यात तो गेल्या वर्षी आंब्याच्या दिवसांत आला. गुडघे ताठ उभं राहण्याच्या मनःस्थितीत नव्हते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसूनच मी तो निभावला. खुर्चीचा एक पाय वाकडा होता.

गुडघ्यांत संधिवात आहे. संधिवाताच्या दुखण्यावर गोळ्या आहेत. त्या गोळ्यांनी माझ्या पोटात जखम केली आणि मी रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात सलाइन लावून पडून राहिले. जखम भरली. गुडघ्यांना दुखण्याची गोळी लागतच होती, म्हणून पोटात पुन्हा जखम होऊ नये यासाठी डॉक्टरांनी आणखी एक गोळी दिली. एका गोळीनं केलेलं दुसरीनं निस्तरायचं, अशी ही व्यवस्था. आपल्याकडची बरीच सरकारी कामं अशीच चालतात, त्यामुळे मला ती लगेच समजली.

डॉक्टर कमी बोलणारे, पण या गोळीबद्दल भरपूर बोलले. जेवणाबरोबर घ्यायची, उपाशीपोटी नाही. सुरुवातीला जुलाब होतील. फार झाले तर मला फोन करा, परस्पर बंद करू नका. जळजळीचं कुठलंही पातळ औषध मनानं वर ओतू नका, त्यातल्या काही औषधांनी जुलाब वाढतात. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आणि ही गोळी फक्त तुमची. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. एखाद्या बाईला दिवस गेलेले असतील, किंवा असण्याची शक्यता असेल, तर तिच्या हाताला ही गोळी लागता कामा नये. गर्भ पडू शकतो. रक्तस्राव होतो, तो कधीकधी आवरत नाही."

"माझ्या बाबतीत ती शक्यता नाही," मी म्हटलं.

"तुमच्या बाबतीत नाही. तुमच्या शेजारणींच्या बाबतीत म्हणतोय. मी याच गावचा आहे."

गोळीचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर कोणीतरी ते कागदावर उतरवून औषधाच्या दुकानात जाईल.

याच गावचा आहे, असं डॉक्टर का म्हणाले ते सांगायला हवं. आमच्या आणि शेजाऱ्यांच्या आवारात जांभ्या दगडांचा एक बुटका गडगा आहे. त्याच्यावरून वाट्या जातात आणि येतात. कालवणाची वाटी, सोलकढीचा तांब्या, आणि त्याच हातानं औषधं. एकाच्या सर्दीची उरलेली गोळी दुसऱ्याच्या खोकल्याला. एकाच्या खरजेचं मलम दुसऱ्याच्या गजकर्णाला. डॉक्टरकडे जाण्याआधी गडग्यापाशी जायचं, हा शिष्टाचार. घरात औषध असून नाही म्हटलं, तर ती बाई मनानं कोती. माझ्या शेजारणीचा मुलगा बोटीवर आहे. तो सुट्टीवर येताना साबण आणि चॉकलेटांबरोबर अंगदुखीच्या गोळ्यांची मोठी बरणी आणतो आणि ती आळीभर वाटली जाते. बरणीवरची अक्षरं कुठल्या देशाची हे कोणाला वाचता येत नाही. त्यामुळे गुण जास्त येतो.

हा मुलगा शिमगा करून बोटीवर परत गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी त्याची बायको गडग्यापाशी दिसेनाशी झाली. एरवी ती रोज सकाळी माशांच्या टोपलीशी घासाघीस करायला पुढे असायची. आता मासेवाली आली की सून घराच्या मागच्या दाराला. मला दोन डोळे आहेत. पण आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत ही गोष्ट बोलत नाहीत. नजर लागते म्हणून सासू बोलत नाही, सासू बोलत नाही म्हणून सून बोलत नाही, आणि सगळ्या आळीला ठाऊक असून आळीही बोलत नाही.

एक दिवस शेजारीण गडग्यापाशी आली. तिला मी वहिनी म्हणते. कॉलेजात शिकवत होते म्हणून ती मला बाई म्हणते.

"बाई, तुमची ती पोटाची गोळी हाय ना, जेवताना घेता ती? एक द्या बघू. छातीत जळजळतंय."

"कोणाच्या?"

"माझ्या. आणि कोणाच्या?"

वहिनींनी आदल्याच दिवशी माझ्या डोळ्यांदेखत बांगड्याचं तिखटजाळ तिकलं भाताबरोबर संपवून वर कैरी खाल्ली होती. त्यांच्या छातीत जळजळण्याची हिंमत जळजळीला झाली नसती.

"ही गोळी द्यायची नाही, वहिनी. डॉक्टरांनी बजावलंय. कोणालाच नाही. ज्यांना त्रास होतोय त्यांना दवाखान्यात न्या, मी रिक्षा बोलावते."

"एका गोळीसाठी दवाखाना? ऱ्हाऊ दे हो. पेन्शन पुरत नसेल तुम्हांला." आणि त्या निघून गेल्या.

हा अपमान मी सहन केला. पण माझ्या घरात एक नवरा आहे, हे मी विसरले. दुसऱ्या दिवशी मी गुडघ्यांच्या व्यायामाला गेले होते. परत आले तेव्हा तो पेपर वाचत होता आणि माझी गोळ्यांची पट्टी टेबलावर उघडी पडली होती.

"वहिनी आल्या होत्या," पानाआडून आवाज आला. "पोटाची गोळी मागत होत्या. दिली एक."

"दिली?"

"घरात होती, दिली. नाही कसं म्हणायचं माणसाला? आणि नीट सांगून दिली हो. जेवणाबरोबर घ्या म्हटलं."

बारा वाजायला आले होते. आळीत जेवणाची वेळ. मी चप्पल तशीच पायात ठेवून गडग्याला वळसा घातला. तो वळसा गुडघेदुखीच्या माणसाला फार लांबचा आहे.

अंगणात आळीतल्या बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या. आंबोशीसाठी कैऱ्या कापायचं काम चाललं होतं; फोडी सुपांत आणि कपड्यांवर वाळत पडल्या होत्या. वहिनींचे दीरही आलेले होते. ते ज्येष्ठ नागरिक मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि कैरी कापत नाहीत. माझा श्वास पाहून कोणीतरी ती खुर्ची पुढे केली.

"वहिनी, माझी गोळी परत द्या."

विळ्या थांबल्या. दिलेली वस्तू परत मागणं आमच्याकडे कोणी केलेलं मला आठवत नाही. रिकामी वाटीसुद्धा कोणी मागत नाही, ती आपोआप काहीतरी घेऊन येते.

"गोळी?" वहिनी म्हणाल्या. "खाल्ली मी."

"तुम्ही खाल्ली असेल तर उत्तम. सूनबाईंना बाहेर बोलवा, मी त्यांच्याशी बोलते."

"ती पडल्येय. डोकं दुखतंय तिचं."

अध्यक्षांनी घसा साफ केला. ते घसा साफ करतात तेव्हा समोर माइक असल्याचा भास होतो. "बाई, आपली संस्कृती देण्याची आहे. आपण शिकल्यासवरलेल्या. दिलेलं दान..."

"तुमची साखरेची गोळी आहे ना खिशात? द्या मला. तीन खाते."

"अहो, तुम्हांला साखर नाही."

"मग काय झालं? संस्कृती आहे."

त्यांनी खिशावर हात ठेवला. माइक बंद पडला. पण माझं काम झालं नव्हतं. आत कुठेतरी ताट वाढल्याचा आवाज आला, आणि तीन महिन्यांचा नियम पाळायला माझ्याकडे वेळ उरला नाही.

"वहिनी, तुमच्या सुनेला दिवस गेलेत. ही गोळी तिच्या पोटात गेली तर मूल जाईल. रक्त वाहून तिच्याही जिवावर बेतेल. आता सांगा, कोणी खाल्ली?"

वहिनींचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. त्या उत्तर देण्याआधी सून दारात आली. एका हातानं चौकट धरलेली, दुसऱ्या हाताच्या मुठीत गोळी.

"खाल्ली नाय, काकू. काका म्हणाले जेवणाबरोबर. पण जेवण समोर आलं की मळमळतं. आत्ता कुठे थोडा भात वाढून घेतला, म्हणून बसत होते."

मी हात पुढे केला. तिनं गोळी माझ्या तळहातावर ठेवली. ती गोळी घामानं थोडी ओली झाली होती. मी तिला म्हटलं, आजच बायकांच्या डॉक्टरकडे जा, त्यांना सगळं सांग, जळजळीवर या अवस्थेत चालणारं औषध त्या देतील. ती मान हलवून हो म्हणाली. रडायच्या बेतात होती, पण सासू बघत होती.

"चारचौघांत बोललीस," वहिनी म्हणाल्या. बाईवरून मी एकेरीवर आले होते. "उद्या कायतरी वंगाळ झालं, तर तुझ्या तोंडानं झालं म्हणेन मी."

"म्हणा," मी म्हटलं. "गोळीनं झालं नाही एवढं मला पुरे."

हे मी धीटपणे बोलले. पण ती धमकी पोकळ नव्हती, हेही मला कळत होतं. पहिल्या महिन्यांत काहीही होऊ शकतं, कोणाचीही चूक नसताना. झालं असतं तर आळीत पुढची कित्येक वर्षं माझं तोंड हेच त्याचं कारण ठरलं असतं. तरीही त्या अंगणात मी पुन्हा तेच बोलेन. गप्प राहून चांगली ठरण्याची हौस मला नाही.

घरी येऊन गोळ्या कपाटात कुलूपबंद केल्या. "इतकं काय," नवरा म्हणाला. मी त्याला गोळीबरोबरचा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. मूल पडण्याच्या ओळीवर आल्यावर त्यानं पेपर घडी करून बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो उघडला नाही. तेव्हापासून तो कोणाला काही देताना आधी मला विचारतो, हिरवी मिरची धरून.

गडग्यावरून वाट्या येणं बंद झालं. पावसाळाभर मी वहिनींच्या कालवणाचा फक्त वास घेतला. सून मात्र दवाखान्यातून येताना आमच्या फाटकाशी थांबायची, पोटावर हात ठेवून, "सगळं ठीक हाय, काकू," एवढं सांगायची आणि जायची. मी प्रत्येक वेळी मान हलवायचे आणि आत येऊन खुर्चीत बसायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर मुलगी झाली. बाळ धडधाकट, आई धडधाकट. बारशाला मला बोलावणं आलं. अध्यक्षांनी सुरक्षित मातृत्वावर भाषण केलं आणि त्यात मंडळाच्या कार्याचा गौरव केला. वहिनींनी मला खणनारळ दिला, पण माझ्याकडे न बघता.

मग परवा त्या गडग्यापाशी आल्या. नातीचं पोट दुखतंय, रात्रभर रडली, ओव्याचा अर्क असला तर द्या, म्हणाल्या. एवढ्या लहान बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका, मी म्हटलं, आणि माझ्याकडून तर काहीच मिळणार नाही. या वेळी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही काय बदलणार नाय, बाई," म्हणाल्या आणि सुनेला हाक मारून मुलीला दवाखान्यात न्यायला सांगितलं. त्यांच्या आवाजात मला बऱ्याच दिवसांनी थोडा आदर ऐकू आला.

ओव्याचा अर्क आमच्याकडे नव्हताच.