देवाची मूठ आणि बँकेची तारीख

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. पाळकसाहेबांना नाही, लेकाला नाही. प्रार्थनेला बसले, की देवाला तरी सांगावं म्हणते — आणि दरवेळी मध्येच कुणाच्या तरी गुडघेदुखीसाठी मागायला लागते. बोलायला मी लई पक्की. गारखेड्यातल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, कुसुमताई बोलायला लागली की ऐकणारीचं दूध उतू जातं. पण एवढी एक गोष्ट जिभेपर्यंत येते आणि माघारी जाते. म्हणून लिहायला बसले. शाळा माझी सातवीपर्यंतच, बाकीचं बायबल आणि रद्दीतले पेपर वाचून शिकलेलं. तेव्हा मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

आमचं चर्च लहान, वर पत्रे. पावसाळ्यात पुढच्या बाकाखाली बादली. मे महिन्यात सगळे लग्नाला, गावाला — उपासनेत दानाची पिशवी फिरायची ती फिरायची म्हणून. पाळकसाहेबांचा पगार मागंपुढं व्हायचा. लेकराबाळांचा माणूस, पण कधी तोंडातून शब्द काढला नाही. मग कमिटीनं ठरवलं — ज्याला जमेल त्यानं आपलं दान बँकेतून आपोआप कटू द्यावं, दर महिन्याच्या ठरल्या तारखेला. एक फॉर्म, एक सही. तुम्ही गावाला जा, आजारी पडा, दान आपलं पोचतंय. यात वाईट काय होतं? काही नव्हतं. आजही मी तेच म्हणेन.

आणि फॉर्म घेऊन घरोघर कोण फिरणार? मीच की! शहागंजात आमचे शिंपीकाम करणारे आहेत, त्यांच्या दुकानात मशीनशेजारी बसून सह्या घेतल्या. चितेगावच्या कंपनीत शिफ्ट करणारी पोरं, त्यांना रविवार कुठला — त्यांना तर सोयच झाली. मी म्हणायची, लाइटबिल आपोआप कटतं, मोबाइलचं कटतं, मग देवाच्याच वेळेला खिसा का चाचपता? लोक हसायचे आणि सही करायचे. एका रविवारी पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. ती शाबासकी — काय सांगू, गुळासारखी चिकटली मला.

आता मुठीचं सांगते. आमच्या बायकांत जुनी रीत होती. सकाळी स्वयंपाकाला लागलं, की घरच्यांसाठी तांदूळ किंवा पीठ काढायच्या आधी एक मूठ डब्यात बाजूला टाकायची. देवाची मूठ. रविवारी डबा चर्चमध्ये न्यायचा आणि वेदीपुढच्या टोपल्यात रिता करायचा. मग ते धान्य मंडळीतच विकलं जायचं. पण त्यात सोंडे व्हायचे, तोलायचं कुणी, विकायचं कुणी — कटकट होती. टोपलं बंद करू, हे कमिटी म्हणाली नव्हती. मी म्हणाले. आता बँकेतून येतंय ना, मग हा पसारा कशाला? बायकांनी माना हलवल्या. टोपलं मी स्वतः उचलून माळ्यावर टाकलं.

मार्थामावशी माझ्याहून बरीच मोठी. सरकारी दवाखान्यात आया होती, पेन्शन बँकेत यायची. फॉर्म न वाचता सही केली तिनं. म्हणाली, तू आणलाय म्हणजे बरंच असेल. जिभेनं मात्र तिखट. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, की मागच्या बाकावरून इतक्या जोरात जांभई द्यायची, की ते आपोआप आमेनकडं वळायचे.

टोपलं बंद झालं तरी दोन-तीन रविवार ती डबा घेऊन आलीच. मी दारातच हसत म्हणाले, मावशी, बँकेतून पण आणि डब्यातून पण? देवाला दोन दोनदा लाच देता का? बायका हसल्या. तीही हसली. डबा पदराखाली घेतला. पुढच्या रविवारी तिचे हात रिकामे होते.

मग एकदा उपासना सुटल्यावर तिनं मला चिंचेखाली गाठलं.

"कुसुम, ते बँकेचं बंद कर बाई. मला माझी मूठ पायजे."

मी म्हणाले, कमी पडतं का मावशी?

"पैशाचं नाय गं. मूठ टाकताना मी एकेकाचं नाव घ्यायची. सोमवारी तुझ्या पोराचं, मंगळवारी पाळकसायबाच्या धाकटीचं, तसं. आता हात तांदळात जातो आन् तसाच राहतो. कुणाचं नाव घ्यावं, आठवतच नाय. बँक काय नाव घेणारे व्हय?"

माझ्या पोराची नोकरी तेव्हा नुकतीच गेली होती. चर्चमध्ये मी कुणाला कळू दिलं नव्हतं. तिला कसं कळलं, अजून माहीत नाही.

बघते म्हणाले मी. आणि घरी येताना काय बघितलं? एवढंच, की मावशीनं बंद केलं, तर दुसऱ्या म्हाताऱ्या बायका बंद करतील. मग टोपलं पुन्हा खाली येईल, आणि माळ्यावर कुणी टाकलं होतं, हे सगळ्यांना आठवेल. म्हणजे भीती चर्चच्या पत्र्यांची नव्हती हो. माझ्या नावाची होती.

पुढच्या रविवारी तिनं विचारलं. आणि मी — बायबलवर हात ठेवून बसलेली होते, खोटं नाही सांगत आता — मी म्हणाले, बँकेत जाऊन आले मावशी. दोनदा गेले. वर्षभर बंद होत नाही म्हणतात.

गेले नव्हते. एकदाही नाही. बँक आमच्या गल्लीच्या वळणावर आहे. भाजीला जाताना रोज दिसते.

"वर्षभर व्हय? बरं," म्हणाली ती. "तुला हेलपाटे पडले गं माझ्यापायी." पुन्हा कधी विचारलं नाही. मुठीचं टोपलं चर्चमध्ये नाही तर नाही, घरी तरी मूठ टाका, असं मी म्हणू शकले असते, नाही का? तेही सुचलं नाही. की सुचलं आणि म्हणाले नाही?

वर्ष भरायच्या आत ती प्रभूमध्ये निजली. झोपेतच. शोकसभेत मला साक्ष द्यायला उठवलं, आणि ऐका मी काय बोलले. मी म्हणाले, मार्थामावशी गेल्या, पण त्यांचं दान या महिन्यातही आलं. मरणसुद्धा त्यांचा देणारा हात थांबवू शकलं नाही. खातं अजून बंद झालं नव्हतं, एवढंच होतं ते. मंडळी मोठ्यानं आमेन म्हणाली. कितीतरी डोळे पुसले गेले. सभा सुटल्यावर दोघांनी माझ्याकडं फॉर्म मागितला — आणि माझ्या पिशवीत फॉर्म होते.

नंतर आम्ही तिच्या घरी गेलो. सून चहा घेऊन आली, माझ्याजवळ खाली बसली, माझा हात हातात घेतला. म्हणाली, "ताई, आत्याबाई सगळ्यांना सांगायच्या, कुसुम माझ्यासाठी दोनदा बँकेत गेली. माझ्या पोटच्यांनी नाय एवढं केलं."

आता चर्चचे पत्रे नवे आहेत. बादली लागत नाही. पुढच्या बाकावर मी कोरडी बसते. सोमवारी तांदळात हात गेला, की क्षणभर थांबतो.

त्या दिवशी सुनेनं माझा हात धरलेला होता, तो मी सोडवला नाही. चहात साखर जास्त पडली होती. मी सगळा प्यायले.