शेऱ्याचा रकाना

दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवर माझ्यासारखीच साखरेची वही उघडी होती. तारीख, उपाशीपोटीचा आकडा, जेवणानंतरचा आणि शेवटी शेरा. माझ्या शेऱ्यात नुसत्या तक्रारी असतात: पाय वळले, झोप नाही. त्यांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, ‘गुलबक्षी फुलली.’ ‘सून फोनवर खळखळून हसली.’ ‘वांगी कोवळी मिळाली.’

न राहवून मी विचारलं, “डॉक्टर वाचतात हे?”

“छे हो, ते आकडेच बघतात,” त्या म्हणाल्या. “आमचे हे गेले, तेव्हापासून घरात सांगायला कुणी नाही. आकडा वाढला की धीर सुटतो. मग मीच मागची पानं वाचते.”

लिहून साखर काही उतरत नसेल. पण रोज शेरा लिहायचा म्हटलं की वांगी घेतानाही माणूस जरा नीट बघत असेल.

आज सकाळी बोट टोचलं. आकडा नेहमीसारखाच चढा. शेऱ्यापाशी पेन बराच वेळ अडलं. मग लिहिलं, ‘काल दवाखान्यात शेजारच्या बाईंनी वही झाकली नाही.’