घड्याळाची पाठ बघणारे वकीलसाहेब

वकीलसाहेबांनी कुठल्याही घड्याळाचं तोंड आधी पाहिलं, असं मला आठवत नाही. कुणाकडे गेले की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी ते भिंतीवरचं घड्याळ उतरवून पालथं करत. घरातल्या बायका गोऱ्यामोऱ्या होत, कारण घड्याळामागची जळमटं कोण पुसतं? "तोंड काय, कुणी पण रंगवतं," साहेब म्हणत. "घड्याळाला मागून विचारायचं. माणसालाही."

त्यांची वकिली औशाच्या कोर्टात. शिक्षण हैदराबादला, उर्दूतून. शेरवानी कधीच सुटली होती, बोलण्यातली अदब मात्र सुटली नव्हती. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. गावात त्यांना 'गुरुजी' म्हणणारे पुष्कळ होते, पण आमच्या बौद्धांच्या घरात सतरंजीवर मांडी घालून, आमच्याच कपातून चहा पिणारे थोडे. साहेब एक कप संपवून दुसरा मागून घेत. आई त्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणत असे.

मोठ्या दुष्काळात त्यांचे पक्षकार खडी फोडायला गेले. बांधावरून भांडायचं तर शेतात काहीतरी उगवायला हवं. कोर्ट ओस पडलं आणि साहेबांना वेळच वेळ झाला. अशाच एका दुपारी दादांनी धीर करून ट्रंकेतून आमचं घड्याळ काढलं. टेबलावर ठेवायचं, काळ्या दगडाचं, दोन्ही बाजूंना खांब असलेलं. ते ट्रंकेत का होतं, हे आधी सांगायला हवं.

माझे आजोबा आमच्या गावच्या गढीवर राखणीला होते. निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत जहागीरदाराचं कुटुंब हैदराबादला निघालं, तेव्हा बेगमसाहेबांनी ते घड्याळ आपल्या हातानं आजोबांना दिलं. हे आमच्या घरातलं सांगणं. गावातलं सांगणं वेगळं होतं. "ह्यांना कोण देतंय? पळवलं असंल." दादांनी हे लहानपणापासून ऐकलं होतं. म्हणून घड्याळ ट्रंकेत, आणि आजोबांचं नावही जवळजवळ ट्रंकेतच.

साहेबांनी घड्याळ फिरवून मागचं झाकण उघडलं. मी तेव्हा मॅट्रिकला होते. मला शेजारी बसवून म्हणाले, "बघ बेटा. हा पितळेवरचा गोल शिक्का पॅरिसच्या कारखान्याचा. त्यात पदक आहे, पदकावर साल आहे. आता सांग, हे घड्याळ त्या सालातलं?"

मी "हो" म्हणाले.

"चूक. बक्षीस त्या साली मिळालं. मिळाल्यावर वर्षानुवर्षं मिरवलं असेल! घड्याळ त्या सालानंतरचं, एवढंच शिक्का सांगतो. साक्षीदार सांगतो तेवढंच ऐकायचं, पुढचं आपल्या पदरचं जोडायचं नाही." मग त्यांनी लंबक टांगायची जागा दाखवली. अगदी जुन्या फ्रेंच घड्याळांत लंबक रेशमी दोऱ्यावर असतो. आमच्यात पोलादाची पातळ पट्टी होती. बाराच्या आकड्यावर एक बारीक भोक होतं, तिथे छोटी चावी घालून घड्याळाची चाल कमीजास्त करायची. ही सोयही नंतरच्या काळातली. असं एकेक विचारत ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाशी येऊन थांबले.

"लंबक कुठंय?" त्यांनी विचारलं. आईनं ट्रंकेच्या तळातून हिरव्या रेशमी कापडाचं गाठोडं आणलं, आत लंबक, वर चावी बांधलेली. लंबकाच्या मागे बारीक आकडे कोरलेले होते आणि घड्याळाच्या पितळेवर अगदी तेच आकडे होते. साहेबांनी ते दोनदा ताडून पाहिले. मग पोलादाच्या पट्टीवरून हलकेच बोट फिरवलं.

"गुरुजी," ते म्हणाले, "लंबक न काढता हे घड्याळ उचललं, तर ही पट्टी मुडपते, नाहीतर तुटते. इथं ओरखडासुद्धा नाही. चोर अंधारात लंबक काढून, रेशमात गुंडाळून, वर चावी बांधून नेत नाही. असं फक्त देणारा देतो. तुमच्या वडिलांना हे दिलेलं आहे."

दादा उठून बाहेर गेले. पाण्याच्या टँकरची वेळ नव्हती, तरी घागर घेऊन गेले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्या दिवसापासून घड्याळ बुद्धाच्या मूर्तीशेजारी फळीवर आलं, टोले देऊ लागलं. मला तर साहेबांच्या पाया पडावंसं वाटलं होतं. अजूनही ती दुपार आठवली की वाटतं, आणि मग स्वतःचीच चीड येते.

पुढे लातूर जिल्हा झाला. नवं जिल्हा कोर्ट, नव्या नेमणुका. साहेबांना सरकारी वकील व्हायचं होतं. त्यांनी ते कधी लपवलं नाही. नव्या जिल्ह्याच्या कौतुकापोटी जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं, त्यासाठी ते स्वतः आमच्याकडे घड्याळ मागायला आले. लंबक काढून वेगळा गुंडाळायला ते विसरले नाहीत. "वडिलांचं नाव पाटीवर लावतो, गुरुजी," म्हणाले.

आम्ही धुवट कपडे घालून लातूरला गेलो. पाटीवर नाव होतं मालकांचं. जहागीरदार गेल्यावर ज्यांनी गढी घेतली, तेच हे मालक. जिल्ह्यात त्यांचा शब्द चाले. दादांना वाटलं, पाट्यांची अदलाबदल झाली असेल. मालक शेजारीच उभे होते. हसत म्हणाले, "गढी आमची, गढीतलं समदं आमचं. तुमच्याकडं कसं गेलं, ते आम्ही इचारत न्हाई. ह्यातच समजून घ्या, मास्तर."

दादा साहेबांकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा की. लंबकाचं सांगा."

साहेब चष्मा पुसत होते. "घड्याळ गढीतलंच आहे, गुरुजी," ते म्हणाले. "बाहेर कसं आलं, ते मी कसं सांगू? मी काय तिथं होतो?"

साक्षीदार सांगतो तेवढंच! ज्या तत्त्वानं त्यांनी आम्हाला उभं केलं होतं, त्याच्याच आडोशाला ते जाऊन उभे राहिले. आई एवढंच म्हणाली, "केसानं गळा कापला की वो, साहेब." भोवती जमलेली माणसं मोठ्यानं हसली असती तरी मला इतकं लागलं नसतं. ती पुढच्या टेबलावरच्या वस्तू बघू लागली.

दादांनी मात्र टेबलामागे जाऊन झाकण उघडलं. पट्टीला धक्का न लावता लंबक अलगद काढला, स्वतःच्या रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. "अहो, काय करताय?" मालक म्हणाले.

"काय न्हाई. आम्हाला असंच मिळालं होतं," दादा म्हणाले. "आता घड्याळ तुम्ही ठेवा."

घड्याळ मालकांच्या दिवाणखान्यात आहे. त्यात दुसरा लंबक बसवलाय आणि ते पुढे पळतं, असं ऐकते. साहेब सरकारी वकील झाले. आमच्याकडे पुन्हा आले नाहीत. दादा गेले, तेव्हाही नाही.

खूप वर्षांनी लातूरच्या बसस्टँडवर ते मला दिसले. काठी आली होती, पाठ वाकली होती. मी तोंड फिरवणार होते, पण त्यांनी ओळखलं. ना दादांची चौकशी, ना माझी. म्हणाले, "बेटा, लंबक आहे का?"

"आहे."

त्यांनी डोळे मिटून आकडे म्हटले. एकही चुकला नाही. "चिंचेनं घासू नको हां त्याला," म्हणाले. "नंबर पुसट होईल. तोच एक पुरावा आहे तुमचा."

"साहेब, हे त्या दिवशी का नाही बोललात?" मी विचारलं. त्यांनी काठीची मूठ या हातातून त्या हातात घेतली. औशाची गाडी लागली आणि ते चढून गेले. नंतर ते गेल्याची बातमीच आली.

लंबक माझ्या कपाटात दादांच्या रुमालात आहे. पितळ पार काळं पडलंय, सून दर दिवाळीला विचारते, घासू का? मी नको म्हणते. त्या माणसानं आम्हाला भरल्या मांडवात उघडं पाडलं, आणि त्याचं हे एक सांगणं मी अजून पाळते.