पुलोबा आणि तात्यांची चूळ

भाषण ऐकून आले की तात्या आधी चूळ भरायचे. शिलाई मशीनशेजारी त्यांचा तांब्या कायम भरलेला असायचा. सभेहून परतले की ओट्याच्या कडेला उकिडवे बसायचे, खळाखळा चूळ भरायचे आणि रस्त्यावर पिचकन थुंकायचे. काकू आतून ओरडायच्या, "अवो, आत्ताच सारवलंय!" त्यावर तात्या म्हणायचे, "सारवलंय म्हनून तर रस्त्यावर थुकलो. घान कुठं टाकायची येवढं कळतंय मला."

मी महाळुंग्याला शाळामास्तर होतो आणि त्यांच्या घरामागच्या खोलीत राहत होतो. गावात कपडे शिवणारे तात्या एकटेच, त्यामुळे निवडणूक आली की दोन्ही पक्षांचे झेंडे त्यांच्याच मशीनवर शिवले जायचे. "कापड येकाच दुकानातलं, मास्तर. दोरा बी त्योच. वरडायचं तेवढं येगळं," असं म्हणून ते पाय चालवत राहायचे.

गाव आणि चाकण यांच्यामध्ये एक ओढा होता. पावसाळ्यात तो फुगला की दवाखाना, बाजार, सगळं पलीकडे राहायचं. लाकडं टाकली तर पहिल्याच पुरात वाहून जायची. तात्यांची थोरली लेक बाळंतपणात अडली, तेव्हा तिला घेऊन निघालेली बैलगाडी काठावर पाणी उतरायची वाट बघत उभी राहिली. लेक गाडीतच गेली. तात्या हे कधी रडून सांगायचे नाहीत. पण ओढ्याचं नाव निघालं की त्यांचं मशीन थांबायचं.

पहिल्या निवडणुकीआधी एक पुढारी आले आणि पुलाची कोनशिला बसवून गेले. शिला कसली, पुरुषभर लांबीचा काळा पाषाण! साहेबांचं नाव, स्वागत समितीची नावं, नारळ आणणाऱ्याचंसुद्धा नाव कोरायचं होतं ना. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, फोटो निघाला आणि पूल तिथेच संपला. मग कुणीतरी जाता-येता त्या दगडाला कुंकू लावू लागलं. कुणाची म्हैस व्याली म्हणून शेंदूर आला, वर्षभरात झेंडा लागला. देवाचं नाव पडलं पुलोबा. मी शाळेत मुलांना समजावून सांगितलं, की बाबांनो, हा देव नाही, हे सरकारी काम आहे. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्याच्यापुढे पाट्या ठेवून परीक्षेसाठी नवस केला. काय बोलायचं!

पुढची निवडणूक आली तेव्हा गावात वाद पेटला होता तो सरकारी पैशाचा. एका पक्षाचं म्हणणं, पंचवार्षिक योजनेतून धरणं आणि कारखाने झाले की देश आपोआप वर येईल. दुसऱ्याचं म्हणणं, कारखान्यांवर पैसा उधळू नका, आधी खेड्यांना द्या. मी तेव्हा योजनेचा कट्टर कैवारी. पिंपरीच्या सरकारी औषध कारखान्याचं मी तात्यांना तोंडभरून कौतुक सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं हाय की. कारखाना काढू नका म्हनतंय कोन? पर मास्तर, औषध पिंपरीत बनंल आन् बाई वढ्याच्या अलीकडं मरंल. मधलं कोन बांधनार?"



त्याच सुमारास खरोखरच पुलाचा पैसा मंजूर झाला. ओव्हरसियर आला, फीत लावून मापं घेतली आणि म्हणाला, "खांब इथेच येणार. हा दगड काढावा लागेल." झालं! सगळं गाव उठलं. "देव हलवायचा न्हाई!" ओव्हरसियरने हात जोडून सांगितलं की मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर पैसा परत जाईल. गाव म्हणालं, जाऊ दे. दोन्ही पक्षांचे उमेदवार आले. तात्यांनी भरसभेत दोघांनाही विचारलं, "दगड काढायचा का न्हाई, येवढंच सांगा." खेड्यांचा कैवार घेणारा म्हणाला, श्रद्धेचा प्रश्न आहे. कारखानेवाला म्हणाला, देवाच्या कामात राजकारण नको. दोघांनीही पुलोबाला नारळ फोडला. पैशावरून एकमेकांच्या उरावर बसणारी ही माणसं त्या दगडापुढे अगदी भावाभावासारखी वाकली. शिसारी आली मला. तात्यांनी त्या दिवशी अख्खा तांब्या संपवला.

पैसा परत गेला. आणि त्याच पावसाळ्यात तात्यांची धाकटी लेक मंजू बाळंतपणाला माहेरी आली.

दिवस भरत आले तसं तात्यांचं जेवणावरचं मन उडालं. एकदा पाणी उतरलं आणि गाव चाकणच्या बाजाराला गेलं, तेव्हा भर दुपारी ते पहारी घेऊन निघाले. बरोबर मुलगा आणि जावई. मीही पहार धरली. शिळा उपटून ओंडक्यांवरून घसरत नेली आणि जिथे कातळात ओढा चिंचोळा होतो तिथे आडवी टाकली. तात्या तिच्यावर उभे राहून दोनदा दणादणा नाचले. "हललं का मास्तर? न्हाई ना? मग झालं."

त्याच आठवड्यात भर पुरात मंजूची बाज त्या शिळेवरून पलीकडे गेली. चाकणला सुखरूप सुटली, मुलगी झाली.

गावाने काय केलं असेल? देवऋषीने कौल दिला, की पुलोबाने आपण होऊन पाण्यात आसन घेतलं. त्यामुळे शिळेवरून जायला हरकत नव्हती, फक्त वहाणा हातात घ्यायच्या. तात्यांनी मात्र देवाला पहार लावली होती, तेव्हा त्यांच्याकडे कपडे टाकणं बंद. बायका शिळेवरून चाकणला जाऊन पोलकी शिवून आणू लागल्या. तात्या ओट्यावरून बघत राहायचे. "देवावर पाय देत्यात, मास्तर. माझ्या वट्यावर तेवढा देत न्हाईत."

मशीन विकलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले, "मंजीची पोर चालाय लागली का, बघून येतो."

काही वर्षांनी तात्या गेले. मेल्यावर मात्र सगळे आले, झाडून सगळे. स्मशान ओढ्यापलीकडे. तिरडी शिळेपाशी पोचली तशी पुढच्या दोघांनी वहाणा काढल्या आणि तिरडी खांद्यावर असतानाच वाकून पुलोबाला हात लावला. तात्या पुढच्या अंगाला घसरले. मंजू मागून किंचाळली, "अरं, माझा बाप पडंल!" कुणी मान वळवली नाही. नमस्कार पुरा करूनच ते उठले.

मी शिळेवरून गेलो नाही. खाली पाण्यात उतरलो, ओंजळभर पाणी घेतलं आणि चूळ भरली.