टॉवेल-टोपी आणि माझा ठोसा

हसायचं असेल तर पोटभर हसा, पण चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकाच्या शर्टाची वाट लागली होती.

तुम्हाला माहीतच आहे, माझं जळगावात खतांचं दुकान आहे आणि रोज सकाळी मी कॉलनीतल्या बायकांना ठोसा मारायला शिकवतो. स्वसंरक्षण! चार बोटं घट्ट मिटा, अंगठा बाहेरून बोटांवर. अंगठा आत दाबलात की मेलात, स्वतःचाच मोडून घ्याल! मनगट सरळ, जोर कमरेतून. मारा, ओरडा आणि पळा.

आमच्या शेजारच्या मालतीअक्का वर्गात सगळ्यांत पुढे. एकदा विचारतात कशा, "भाऊ, तुम्ही स्वतः कुणाला मारलाय का हो कधी?"

"अक्का, वेळ आली की हात आपोआप चालतो!"

काय रुबाबात बोललो होतो म्हणून सांगू! आणि वेळ आली ती कुठे? अमळनेरजवळच्या एका गावात, माझ्या पल्लवीच्या होणाऱ्या सासरी. जेवणं उरकली की सुपारी फुटणार, लग्न पक्कं होणार. मुलगा लाखात एक. पल्लवी तर सकाळपासून देवाचं नाव घेत होती, की बाबांनी आज काही घोळ घालू नये.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. पण पाहुण्यानं तो मुकाट्यानं घ्यायचा नसतो! "राहू द्या हो, कशाला!" म्हणत पळायचं आणि यजमानानं गाठून गळ्यात घालायचा. मीही रीतीप्रमाणे मुलाच्या वडिलांना, नानांना, चुकवलं आणि शेडच्या खांबापाशी ड्रमवर हात धुवायला वाकलो.

तेवढ्यात मागून गळ्याभोवती काहीतरी आवळलं!

आहेर वगैरे सगळं डोक्यातून साफ. गळा धरला! मी गर्रकन वळलो, "ए ऽऽ!" म्हणून ओरडलो आणि कमरेतून जोर काढून असा ठोसा ठेवून दिला, असा दिला की बस्स!

नेमके त्याच क्षणी नाना खाली पडलेली टोपी उचलायला वाकले. माझा ठोसा त्यांच्या डोक्यावरून गेला आणि लोखंडी खांबावर बसला. ठण्ण! अख्खी शेड हादरली. जेवणारी पंगत हातातला घास हातात धरून बघत राहिली.

"अहो! सुपारी फुटायचीय अजून, आणि तुम्ही व्याह्यांवर हात उगारता?" बायको किंचाळली. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी. मेलो, मी म्हटलं, मोडलं पोरीचं लग्न!

नाना टोपी झटकत उभे राहिले. "काय व्हयनं व्याही? टोपी पसंत नही का तुमले?"

"नाना, माफ करा, मला वाटलं... गुंड आला."

"गुंड? आमना आंगनमा?" नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा खांबाकडे, आणि असे हसत सुटले की पोट धरून खाली बसले. "नवरीना बाप जबरा शे रे! फोडा सुपारी!"

मग त्यांनीच टोपी माझ्या डोक्यावर चढवली आणि त्याच टॉवेलची झोळी करून माझा सुजलेला हात गळ्यात अडकवला. आहेर शेवटी गळ्यात पडलाच!

सोमवारी मी वर्गावर हजर. खाडा मला चालत नाही! हाताला प्लॅस्टर, छाती पुढे. म्हटलं, "बघा बायांनो, प्रसंग आला, हात आपोआप चालला की नाही?"

मालतीअक्का जवळ आल्या. प्लॅस्टर नीट न्याहाळलं. नेमकं काय मोडलंय ते बघितलं.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "अंगठा आत होता ना?"

मी म्हटलं, "चला, आजपासून वर्ग अक्का घेतील."